झळ आणि झळाळी एकाच घरच्या का?

निलंगा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय: “सोन्याला झळाळी म्हणतो तेव्हा अर्थ चकाकी, आणि उन्हाची झळ म्हणतो तेव्हा अर्थ उष्णता. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत का? एका मार्गदर्शक पुस्तकात ‘झळाळी’ हा शब्द संस्कृत ‘ज्वाला’पासून आल्याचं छापलंय, ते खरं का? आणि लखलखाट, चकाकी, झगमगाट असे शब्द असताना झळाळी वेगळी कशात?”

थेट उत्तर आधी देते. झळ, झळा, झळकणे, झळझळीत, झळाळी हे सगळे एकाच मुळाचे शब्द आहेत. त्या मुळात ऊन आणि चकाकी पहिल्यापासून एकत्र आहेत. ज्वालेपासून मात्र हे शब्द आलेले नाहीत. ज्वालेचं मराठी रूप वेगळं आहे आणि ते आपण रोज वापरतो, ते म्हणजे ‘जाळ’.

आता हे कशावरून म्हणते ते सांगते. लातूर-अंबाजोगाई भागात तीस वर्षं मराठी शिकवली. पहिली काही वर्षं मीही वर्गात झळाळीचं नातं ज्वालेशीच जोडत होते, कारण ऐकायला ते अगदी पटतं. पण दोन शब्द सारखे ऐकू येतात एवढ्यावर नातं जुळत नाही. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना ध्वनी ठरलेल्या वाटांनी बदललेले दिसतात. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ज्व’ मराठीत ‘ज’ होतो. ज्वालाचं जाळ झालं, ज्वल् धातूवरून जळणे, जळण, जळजळ आले. उज्ज्वलचं उजळ झालं. यातल्या एकाही ठिकाणी ‘झ’ नाही. मराठीत ‘झ’ कुठून येतो तेही माहीत आहे. ‘ध्य’पासून येतो: युध्य, प्राकृत जुज्झ, मराठी झुंज. ‘क्ष’पासून येतो: क्षर, प्राकृत झर, मराठी झरा. ‘ज्व’पासून ‘झ’ येण्याची वाट नाही. एका शब्दासाठी ती खास उघडायची तर तसा पुरावा हवा.

पुरावा आहे, पण तो नेमका उलट बाजूचा आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचा मोठा जैन वैयाकरण होऊन गेला. त्यानं आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृत आणि शेवटी अपभ्रंश, म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषांच्या मधल्या टप्प्यावरची भाषा, हिचे नियम दिले, आणि नियमांना उदाहरणं म्हणून लोकांच्या तोंडचे दोहे दिले. त्यातला एक दोहा विरहिणीला उद्देशून आहे. ती गालाला हात लावून बसली आहे. तिला कुणी सांगतंय, अगं वेडे, गालाशी टेकलेला हा तुझा चुडा चुरा होऊन जाईल, श्वासांच्या आगीनं तो तापतोय आणि वरून आसवांचं पाणी पडतंय. तापलेल्या वस्तूवर एकदम पाणी पडलं की ती तडकते, हे चुलीपाशी वावरलेल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. म्हणून हा दोहा मला फार जवळचा वाटतो. पण आपल्या कामाचा आहे तो त्यातला एक समास: ‘सासानलजालझलक्किअउ’. फोड करा. सास म्हणजे श्वास, अनल म्हणजे अग्नी, जाल म्हणजे ज्वाला, आणि झलक्किअउ म्हणजे तापलेला, झळ लागलेला. एकाच समासात ‘जाल’ आणि ‘झलक्क’ शेजारी शेजारी बसलेत. झलक्क जर ज्वालेचंच बिघडलेलं रूप असतं, तर बाराव्या शतकात दोन्ही असे स्वतंत्रपणे, आपापल्या अर्थानं नांदताना दिसले नसते. मार्गदर्शक पुस्तकातलं उत्तर खोडायला हा एक समास पुरेसा आहे.

मग ‘झळ’ आला कुठून? संस्कृतात ‘झ’नं सुरू होणारे शब्द फार थोडे, आणि त्यातलेही बरेचसे आवाजाची नक्कल करणारे किंवा लोकभाषेतून वर गेलेले. ऋग्वेदात तर ‘झ’ हा वर्ण एकदाच येतो. पाचव्या मंडलात मरुतांच्या, म्हणजे वादळाच्या देवांच्या सूक्तात ‘जज्झतीः’ असा शब्द आहे. त्याच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही, कुणी हसणाऱ्या म्हणतं, कुणी सळसळत कोसळणाऱ्या सरी म्हणतं. पण तो शब्द आलाय विजांच्या शेजारी. हे मी झळच्या व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून सांगत नाही, तेवढा जोर त्यात नाही. एवढंच म्हणते की ‘झ’ हा वर्ण आपल्याकडे शास्त्रापेक्षा डोळ्या-कानांच्या अनुभवातून जास्त आलाय. झगझग, झगमग, झणझण, झुळझुळ, झरझर ही सगळी मंडळी त्याच घरातली.

नंतरच्या संस्कृत कोशांत ‘झला’ हा शब्द नोंदलेला सापडतो. अर्थ दिलाय ऊन, चकाकी. म्हणजे तुमच्या प्रश्नातले दोन्ही अर्थ तिथं एका ओळीत. आणि प्राकृतातल्या देशी शब्दांत, म्हणजे संस्कृतात मूळ सापडत नाही अशा शब्दांत, ‘झला’चा अर्थ आहे मृगजळ.

इथं थोडं थांबते, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. मे महिन्यात दुपारी लातूरहून निलंग्याकडं निघा. पुढं डांबरी रस्त्यावर पाणी पसरल्यासारखं दिसतं, जवळ गेलं की नसतं. जमीन तापते, तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा जास्त गरम आणि विरळ होते, उजेड त्यातून वाकून येतो आणि आपल्याला रस्त्यावर आभाळाचाच तुकडा थरथरताना दिसतो. रस्त्याच्या कडेची काळी नांगरट बघा. तिच्यावरची हवा तरंगत असते, पलीकडचं लिंबाचं झाड हलल्यासारखं वाटतं. आमची आजी अंगणातून तिकडं बघून म्हणायची, “झळा उठायल्यात, आता बाहीर पडू नका.” झळा तिला दिसायच्या. आणि पोरगं तरी बाहेर जाऊन आलं की तीच म्हणायची, “झळा लागल्या गं लेकराला.” झळा लागायच्या पण. डोळ्यांना जी थरथर दिसते आणि कातडीला जो चटका बसतो, ती आजीला एकच वस्तू होती. प्राकृत बोलणाऱ्यांनाही एकच होती. आपल्या पैठणला सातवाहनांची राजधानी होती आणि महाराष्ट्री प्राकृताचा तो काळ. गोदेकाठचं ऊन तेव्हाही असंच असणार.

म्हणून ‘आधी अर्थ उष्णता होता, मग लक्षणेनं चकाकी झाला’ असं सरळ उत्तर मी देत नाही. दोन अर्थ आपण नंतर वेगळे केले. मुळात तो तापलेल्या उजेडाला दिलेला एकच शब्द आहे.

असं होणं जगावेगळं नाही. ज्वल् धातूचंच बघा. त्याच्यावरून जळणे आला आणि त्याच्यावरूनच उजळणे आला, एक भाजतो आणि एक प्रकाशतो. ‘तळपणे’ पाहा. सूर्य तळपतो तेव्हा अंग भाजतं, आणि तुकोबांच्या विठ्ठलाच्या कानात मकरकुंडलं तळपतात ती शोभेनं.

शेजारच्या भाषाही हीच साक्ष देतात. गुजरातीत ‘झाळ’ म्हणजे आगीची ज्वाळा आणि ‘झळहळवुं’ म्हणजे प्रकाशणं. बंगालीत ‘झलमल’ म्हणजे चकाकतं, ‘झलसानो’ म्हणजे होरपळणं किंवा आगीवर भाजणं, आणि तिखटाला ‘झाल’ म्हणतात. तुम्ही तर निलंग्याचे, पलीकडं बीदर जिल्हा लागतो. औराद शहाजानीच्या बाजारात कानडी बोलणारे भेटतातच. त्यांना विचारा, उन्हाच्या तडाख्याला काय म्हणतात. ‘बिसिलिन झळ’ म्हणतील. बिसिलु म्हणजे ऊन, आणि झळ म्हणजे झळच. त्याच कानडीत ‘झळपिसु’ म्हणजे तलवार परजून चमकवणं. तिथंही ताप आणि चकाकी जोडीनंच. सीमेवर शब्द दोन्हीकडून जा-ये करतात, त्यांना तालुक्याची हद्द ठाऊक नसते.

एक पुरावा मला पुस्तकात नाही, सराफ गल्लीत मिळाला. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन व्यवसायातले शब्द गोळा करायला एका जुन्या कारागिराकडं गेले होते. धातूचे दोन तुकडे जास्त उष्णतेवर वितळणाऱ्या मिश्रधातूनं जोडण्याला मराठीत झाळणे म्हणतात, तंत्राच्या पुस्तकांत त्याला झाळकाम म्हटलंय. कारागिरानं तुटलेल्या साखळीची कडी चिमट्यात धरली, सांध्यावर टाकणखार, म्हणजे बोरॅक्स लावला, झाळीचा बारीक कण ठेवला आणि फुंकणीनं ज्योत त्याच्यावर वाकवली. आधी टाकणखार फुगला, मग काचेसारखा बसला. कडी लाल झाली. अजून काही नाही. आणि एका क्षणी तो कण दिसेनासा झाला, सांध्यावरून एक पांढरी चमक सर्रकन पळत गेली. त्यानं लगेच फुंकणी बाजूला केली. “झळकलं की सोडायचं,” तो म्हणाला, “एक पळ जास्त झालं तर कडीच वितळती.” त्या ‘झळकलं’मध्ये ताप किती आणि चकाकी किती हे वेगळं काढता येत नाही. मुलींनी वहीत शब्द लिहिला आणि अर्थाची जागा मोकळी ठेवली. मला ती मोकळी जागाच जास्त खरी वाटली.

आता रूपांकडे येऊ, कारण परीक्षेत तेच विचारतात. ‘झला’मधला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ झाला, जसं फलचं फळ, कमलचं कमळ. जोड ‘ल्ल’ असता तर ‘ल’ राहिला असता, जसं फुल्लचं फूल. म्हणून अस्सल मराठी रूप झळक. आपण ‘चित्रपटाची झलक’ म्हणतो ती झलक हिंदीतून आलेली आहे, तिच्यातला ‘ल’च तसं सांगतो. त्यात वाईट काही नाही. झलकचा अर्थही आता वेगळा झालाय, ओझरतं दर्शन. दोन्ही शब्द राहू देत.

झळकणे, झळझळणे आणि झळाळणे या तिघांत फरक आहे आणि तो सुंदर आहे. झळकणे यातला ‘क’ बघा. चमकणे, धडकणे, खटकणे, टपकणे यांतही तोच आहे. संस्कृतात ‘चमत्’ हा आश्चर्याचा उद्गार, त्याला ‘कृ’ लागून चमत्कार झाला. प्राकृतात ‘चमत्कृ’चं चमक्क झालं आणि मराठीत चमक. चमत्कार आणि चमक ही सख्खी भावंडं आहेत हे सांगितलं की वर्गात मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. तो ‘क्क’ एकदम घडणाऱ्या गोष्टीचा आहे. म्हणून झळकणे म्हणजे एकदा, अवचित, डोळ्यांत भरेल असं. झळझळणे यात शब्दच दोनदा आलाय, म्हणून चकाकीही पुन्हा पुन्हा, जोरानं. आणि झळाळणे यात स्वर लांबलाय, तशी चकाकीही लांबते. ती उसळत नाही, भरून राहते. ज्ञानदेवांच्या नावावरच्या अभंगात पांडुरंगाच्या कांतीचं दिव्य तेज ‘झळकती’ आहे आणि पुढं ‘रत्नकीळ’ फाकते आहे. समोर अचानक रूप उभं राहावं तसं ते आहे, म्हणून तिथं झळकणेच हवं. जाता जाता, ‘कीळ’ म्हणजे रत्नातून फुटणारी किरणाची शलाका. इतका नेमका शब्द आपण हरवून बसलो. मला त्याचं फार वाईट वाटतं.

झळाळी ही झळाळणेवरून आलेली. म्हणून ती आतून आल्यासारखी, टिकणारी. तुळजापूरला नवरात्रात देवीची अलंकार पूजा बांधतात तेव्हा सोन्यावर जे दिसतं ते झळाळी. चकाकी पृष्ठभागाची असते, घासून आणता येते. राखेनं घासलेला तांब्या चकचकीत होतो, पुसलेली शहाबादी फरशी चकचकीत होते, त्यांना झळाळी आली असं कुणी म्हणत नाही. झगमगाट अनेक दिव्यांचा, एका समईचा झगमगाट होत नाही. लखलख विजेची, तलवारीच्या पात्याची.

आणि इथं मराठीची एक खोड सांगायलाच हवी. असल्या शब्दांत ‘अ’ मोठ्या, उघड्या गोष्टीसाठी येतो आणि ‘उ’ लहान, मऊ गोष्टीसाठी. वीज लखलखते, काजवा लुकलुकतो. ओढा खळखळतो, खुळखुळा खुळखुळतो. झळ भाजते आणि झुळूक निववते. दोन्ही हवाच, फक्त स्वर बदललाय. हे कुणी बसून ठरवलेलं नाही. लहान पोरालाही ‘लुकलुक’ म्हटलं की डोळे बारीक करावेसे वाटतात.

एक सारखा दिसणारा शब्द बाजूला ठेवा, झिलई. तो या घरातला नाही. अरबी ‘जिला’ म्हणजे घासून आणलेली चकाकी, ती फारसीतून आपल्याकडं आली. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं असे शब्द आपल्याकडं जरा जास्तच मुरलेत. भांड्यांची कल्हईसुद्धा अरबीच. झिलई आणि झळाळी यांचा ‘झ’ सारखा दिसतो, बाकी नातं नाही.

आजच्या वापरात झळ बहुतेक नुकसानीच्या बाजूला गेलीय. महागाईची झळ, दुष्काळाची झळ. झळ बसते, पोचते, सोसावी लागते. झळाळी नेमकी उलट्या बाजूला. भाव वाढले की बातमीत सोन्याला झळाळी येते, सोयाबीनला झळाळी येते. झळकणे नावलौकिकाकडं गेलं. बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची तेव्हा लातूरची मुलं यादीत झळकायची. एकाच मुळाचे तीन शब्द तीन दिशांना गेल्यामुळं ते वेगळे असावेत असं तुम्हाला वाटलं, ते साहजिक आहे.

पण कधी कधी ते अजूनही एकत्र दिसतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत रोज ‘पाणीटंचाईची झळ’ असायची. आमच्या भागात टँकरच्या रांगेत सकाळपासून घागरी लावून ठेवलेल्या असायच्या. दुपारी त्या स्टीलच्या घागरींच्या रांगेकडं बघवत नव्हतं, डोळे दिपायचे. टँकर आला तशी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी धावली, घागरीचा काठ धरला आणि हात झटकन मागं घेतला. मग फ्रॉकचा घेर काठावर टाकून घागर उचलली. आईला ओरडून म्हणाली, “आये, घागर लय झळ मारायलीय.” मला विचारावंसं वाटलं, झळ म्हणजे डोळ्याला की हाताला. विचारलं नाही. तिला पाणी भरायचं होतं.

उत्तरपत्रिकेत काय लिहायचं तेही सांगते. ‘झळाळी’ हा देशी, प्राकृत-अपभ्रंश परंपरेतला शब्द. झला, झलक्क या रूपांशी संबंधित. अर्थ टिकून राहणारी, भरलेली चकाकी. ज्वालेशी अर्थानं जवळचा, उत्पत्तीनं नाही. आणि एक चूक टाळा. ‘जळजळीत’ आणि ‘झळझळीत’ एकमेकांच्या जागी लिहू नका. जळजळीत टीका, जळजळीत तिखट, जळजळीत नजर, हे जळण्याचं. झळझळीत यश, झळझळीत कुंकू, हे प्रकाशाचं. ‘झळझळीत टीका’ असं हल्ली बातम्यांत वाचायला मिळतं, ते चूक आहे. शहाण्णव पानी वहीत एवढे शब्द उतरवून घेतलेत तर एक अजून करा. तुमच्या गावात म्हाताऱ्या बायका ‘झळा’ म्हणतात की ‘झळया’, आणि त्या दिसतात म्हणतात की लागतात म्हणतात, तेवढं ऐकून जसंच्या तसं लिहून ठेवा. सीमेकडच्या गावांतलं मला हवंय.